चौदाव्या नावासाठी जागा

विजयनगरच्या कोर्टाबाहेर लिंबाखाली माझं टेबल,
एक पाय विटेवर. मशीन जुनं,
‘ळ’चा एक डोळा उमटत नाही,
हळद लिहिली की पेनानं काढून द्यावा लागतो.
त्या दाव्यात हळद एकशे बारा वेळा होती.

हर्डीकर वकील उभ्यानं सांगायचे, मी बडवायचो:
वादी नंबर एक, अण्णाप्पा मगदूम, धंदा व्यापार.
दोन, सुलोचना कुंभोजकर, धंदा घरकाम,
मास्तरांच्या फंडातनं घेतलेली बावीस पोती.
तीन, तांबोळी. चार, देवस्थानचे पंच.
असं करत तेरा.

तेराजणांची हळद हरिपुरात एकाच पेवात.
तोंड माणूस जाईल एवढं,
आत खोली मावेल एवढी.
पूर चढला, उतरला,
आणि वर आला तो एकच पिवळा चिखल.
कुणाची राजापुरी, कुणाची सेलम,
ओळखायला काही राहिलंच नव्हतं.
“तेरा दावे कशाला?” हर्डीकर म्हणाले,
“चिखलानंच एकत्र केलंय तुम्हाला.
एक घटना, एक प्रतिवादी. घाल कंस.”
मी कंस घातला.

तेव्हा ती पुढं आली. बराच वेळ
सायकल स्टँडच्या पत्र्याखाली उभी होती.
द्रौपदा ऐवळे. पोती नाहीत, पावती नाही.
“त्याच पेवात माझा माणूस गेला.
उघडायला उतरला तेव्हा.”

पेव उघडायची रीत हरिपुरात पोरांनाही ठाऊक:
तोंड मोकळं करून दोन दिवस वारा खेळू द्यायचा,
मग दोरीला कंदील बांधून खाली सोडायचा.
कंदील विझला तर माणूस सोडायचा नाही.
आरवाडेंना घाई होती.
कंदिलाच्या जागी बाबू सोडला.

हर्डीकर चष्मा पुसत राहिले.
“बाई, तुझं कारण वेगळं, मागणं वेगळं.
यांचा माल, तुझा नवरा.
एका दाव्यात बसत नाही.”
“पेव एकच की,” ती म्हणाली.
“दोर पण त्यांचाच.”
तांबोळींनी तंबाखू मळायची थांबवली.
कुंभोजकरबाई, ज्या एरवी माझ्याशी
दरापलीकडे बोलत नसत,
मशीनकडं बघून म्हणाल्या,
“तेराच्या खाली जागा आहे का?”
होती. दोन ओळींची.

तारखा पडल्या. आरवाडेंच्या वकिलानं
नेमकं तिथंच बोट ठेवलं:
पक्षकार चुकीचे जोडलेत, कारणं मिसळलीत.
जजसाहेबांनी दोनदा वाचलं. माणूस वाईट नव्हता.
हुकूम झाला: वादी नंबर चौदा हिनं
स्वतंत्र दावा चालवावा.
तिच्या नावावर लाल शाईची रेघ आली,
पट्टीनं मारलेली, सरळ.

तिचा दावा दीड पानाचा.
त्यात ती वादी नंबर एक,
दुसरं कुणी नव्हतंच म्हणून.
पैसे तिनं रुमालाच्या गाठीतनं काढले.
राहू दे, असं मी म्हणालो नाही.
तिनं म्हणू दिलं नसतं.

साक्षीची प्रतिज्ञापत्रं करायच्या दिवशी
ती एकटीच येईल म्हणून
मी एकच कागद चढवून बसलो होतो.
मगदूम आले, टोपी काखेत. मागं तांबोळी.
देवस्थानचे दोन पंच; तिसऱ्याकडं साखरपुडा.
कुंभोजकरबाई, पाण्याची बाटली घेऊन.
तेरातले नऊ.
बाकीच्यांना आरवाडेंच्या दुसऱ्या पेवात
अजून माल ठेवायचा होता.

“काय लिहू?” मी विचारलं.
मगदूम टोपीच्या कडेवरनं बोट फिरवत राहिले.
“कंदील खुंटीलाच होता.
आम्ही सगळे वरच उभे होतो,
हळदीकडं बघत.
हे असंच लिही.”

लिहिलं. दोन ‘ळ’ होते.
पेनानं त्यांचे डोळे पुरे केले.